मामांची हायड्रा

वैशाली नगर, भिलाई
६ नोव्हेंबर २०२४

ती. पंजाबराव मामांस,
उन्नतीचा सा. नमस्कार.

फोन न करता पत्र लिहिते आहे, याचा राग मानू नका. फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तुम्ही "अवो माय, किती बोलतेस व" म्हणून हसता आणि धानाच्या भावावर येता. पत्रात मला मध्येच थांबवता येणार नाही. आणि आमची शाळा हिंदी. मराठी वाचायला मी शिकले ती आईच्या मांडीवर बसून, तुम्ही तिला पाठवलेल्या पत्रांवर. तेव्हा तुम्हाला पत्र लिहायचा थोडा हक्क मला आहे असं मी समजते.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुमचं वाचन बंद आहे असं भाऊबीजेहून आल्यावर आईने सांगितलं. ऐश्वर्या वहिनी वाचून दाखवतीलच. वहिनी, कृपा करून सगळं वाचा.

गोष्ट तुमच्या हायड्राची आहे. हथखोजला आमच्या कंपनीचं शेड उभं राहतं आहे, तिथे लोखंडी खांब उचलून न्यायला तुमचीच क्रेन आहे हे कळलं तेव्हा मला आनंद झाला होता. आता धाकधूक वाटते. हायड्रा खांब ठेवून मागे येते ती जागा अरुंद आहे. एका बाजूला खांबांचे ढीग, दुसऱ्या बाजूला मुरुमाचे टिपर, आणि सगळीकडे धूळ. गाडी चालवताना बाबाराव दादांना मागचं काही दिसत नाही. म्हणून गाडीवरचा मदतनीस, खलाशी फकिरा, वाट दाखवायला गाडीच्या थेट मागे उभा राहतो आणि "आवन दे, आवन दे" म्हणत मागे-मागे चालतो. त्याचा आवाज येतोय तोवर दादा गाडी मागे घेतात. आवाज थांबला की ब्रेक. आणि हा आवाज नीट ऐकू यावा म्हणून दादांनी मागे येताना वाजणाऱ्या हॉर्नची वायर कापून टाकली आहे!

मी म्हटलं, "दादा, हॉर्न जोडा. आणि फकिराला आरशात दिसेल असं बाजूला उभं करा. तो आरशात दिसला नाही तर गाडी हलवायची नाही."

दादा हसले. "एवढीशी होती तवापासून पाहून राहिलो तुले. पाल दिसली तरी रडे. आता मले गाडी शिकवते!"

फकिराला मी शिट्टी दिली. ती त्याने गळ्यात अडकवली आणि म्हणाला, "मॅडम, तोंडात गुडाखू असताना शिट्टी कशी वाजवू?" सगळे हसले. मीही हसले, मग दिवसभर स्वतःवर चिडले.

कंपनीने सुरक्षा सुपरवायझर म्हणून मला मशीन थांबवायचा अधिकार दिला आहे. पण आमचे धनंजय साहेब म्हणतात, "मशीन तुझ्या मामाची, ऑपरेटर तुझ्या मामाचा, घरातच मिटव." आणि ज्यांच्या खांद्यावर बसून मी तुमसरची जत्रा पाहिली, त्या माणसाला सगळ्यांसमोर "खाली उतरा" म्हणताना माझी जीभ उचलत नाही. तुमच्या एका शब्दावर दादा हॉर्न जोडतील. तेवढा शब्द द्या.

मामींना नमस्कार.

तुमची,
उन्नती

*

तुमसर
१२ नोव्हेंबर २०२४

चि. उन्नतीस,
अनेक आशीर्वाद.

सूनबाई लिहून राहिली, मी सांगून राहिलो. डोळा बरा आहे. डॉक्टर म्हणते वाचाचं नाही, टीव्ही पाहाचा नाही. मंग माणसानं कराचं तरी काय?

तुझी काळजी समजली. पोट्टी शिकली, नोकरीले लागली, चांगली गोष्ट. पण नव्या नोकरीत माणसाले सगळीकडे खड्डेच दिसते. बाबाराव माझ्या गाडीवर बसला तवा तू जन्माले यायची होती. आजवर कोणाच्या नखाले धक्का लागला नाही. काम करणाऱ्या माणसाले काम करू द्यावं. तुझ्या साहेबाले सांग, मामानं नमस्कार सांगितला.

आईले म्हणावं गुडघ्याले तेल लावत जाय.

तुझा मामा,
पंजाबराव

ता. क. — उन्नतीताई, हे माझं. गुडाखू म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. मामंजींना विचारलं तर ते हसत सुटले, म्हणाले, "तंबाखूची पेस्ट व, छत्तीसगढात दाताले घासते." मला वाटलं एखादं फळ असेल. — ऐश्वर्या

*

वैशाली नगर, भिलाई
२५ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस,
नमस्कार.

फकिराचं उजवं पाऊल गेलं. डॉक्टरांनी कापलं. हे तुम्हाला दादांनी फोनवर सांगितलंच असेल, पण कसं सांगितलं ते मला माहीत नाही. म्हणून मी पाहिलं ते लिहिते.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीआधी हायड्रा खांब ठेवून मागे येत होती. फकिरा मागे होता. त्याने नुकताच गुडाखू घासला होता, तोंड भरलं होतं. थुंकायला तो वळला आणि खांबांखाली टाकलेल्या लाकडी ठोकळ्यांत त्याचा बूट अडकला. तो ओरडत नव्हता, म्हणजे दादांच्या हिशेबाने गाडी थांबायला हवी होती. पण शेजारच्या रांगेत मुरुमाचा टिपर मागे येत होता आणि त्याचा खलाशी ओरडत होता, "आवन दे, आवन दे." दादा त्या आवाजावर मागे येत राहिले.

मी धावले. मी "रोको" म्हणून किंचाळले, पण त्या गोंगाटात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. दादा खाली उतरले तेव्हाही तो टिपरवाला "आवन दे" म्हणतच होता. त्याला काही माहीतच नव्हतं.

हॉर्न वाजत असता तर फकिराने चाक जवळ आल्याचं ऐकलं असतं. तो आरशात दिसेल अशा जागी असता तर हे घडलंच नसतं. हे मी नवीन काही सांगत नाही. तुम्हाला लिहिलंच होतं.

आता ऐका, यापुढचं मला सहन होत नाही. दुसऱ्याच दिवशी त्याच गाडीमागे नवा खलाशी उभा केला, त्याच जागी, तसाच. धनंजय साहेबांना मी विचारलं तर म्हणाले, "काम थांबवता येत नाही, पावसाळ्याआधी शेड द्यायचं आहे." नोव्हेंबरात पावसाळ्याची घाई! आणि मला म्हणाले, "चौकशी आहे. तू एवढंच सांग की खलाशी नशा करून मशीनच्या मागे आला." गुडाखू म्हणजे नशा? मग अर्धं भिलाई रोज सकाळी नशेत कामावर येतं!

फकिराची चूक ठरली की कंपनी हात वर करणार. दवाखाना त्याचा त्याने बघायचा आणि नोकरीवर दुसरा माणूस. त्याची बायको मथुरा दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. मला म्हणाली, "ताई, यायनं काही गलत केलं का? लोकं म्हणून राहिले." पाय गेलेल्या माणसाच्या बायकोला हा प्रश्न पडतो, आणि बाकी कोणालाच पडत नाही.

मामा, तुम्ही मालक आहात. तुम्ही इकडे या आणि सांगा की हॉर्न कापलेला होता आणि ते तुम्हाला माहीत होतं. एवढंच.

उन्नती

*

तुमसर
२ डिसेंबर २०२४

चि. उन्नतीस,
आशीर्वाद.

फकिराचं ऐकून मले दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. गरीब माणूस. पण जे झालं ते त्याच्या कर्मानं झालं. तोंडात तंबाखू घालून कोणी गाडीमागे उभं राहते का?

तू लिहितेस, मले माहीत होतं. मले काही माहीत नव्हतं. हॉर्नबद्दल मले कोणी वाचून दाखवलं नाही. सूनबाईले घरची शंभर कामं, तिनं वरवर वाचलं असंल, मधलं सोडलं असंल. लेकरू आहे, मी तिले बोललो नाही. पण तू कोणासमोर असं म्हणशील की मामाले माहीत होतं, तं ते खोटं होईल. पोरी, खोटं बोलाचं नाही हे तुझ्या आईनं तुले शिकवलं आहे.

साहेब सांगतात तसं सांग. तुझी नोकरी राहील, माझी गाडी राहील. फकिराले मी माझ्याकडून काही पाठवीन.

मामा

*

तुमसर
३ डिसेंबर २०२४

उन्नतीताई,

कालचं पत्र तुम्हाला मिळालं असेल. ते माझ्याच अक्षरात आहे. "सूनबाईनं मधलं सोडलं असंल" हे वाक्य मामंजींनी सांगितलं तेव्हा माझं पेन थांबलं. ते म्हणाले, "लिही." मी लिहिलं. खाली माझी एक ओळ जोडायची हिंमत झाली नाही. म्हणून आज हे वेगळं पाठवते.

मी तुमचं पहिलं पत्र अक्षर न् अक्षर वाचलं होतं. हॉर्नचा भाग तर दोनदा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते म्हणाले, "थांब, काय कापलं?" मी पुन्हा वाचलं. मग ते म्हणाले, "बाबारावच्या डोक्याची कमाल आहे!" आणि म्हणाले, "उत्तरात हॉर्नचं काही लिहू नको. लिहिलं की कागदावर राहते." मी ती गोष्ट हसण्यावारी नेली. घरातल्या कोणाला खोटं पाडायला कोणी पत्र लिहीत नाही असं मला वाटायचं.

रात्री ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बाबा म्हातारे झाले, विसरले असतील, तू मनावर घेऊ नको." विसरले नाहीत. मनावर मी घेणार. ज्या माणसाचं पाऊल गेलं त्याच्या वाट्याची चूक माझ्या वाचण्यावर ढकलली आहे. मी बारावी आहे, मला वाचता येतं.

चौकशीत माझं नाव घ्यायचं तर घ्या. घरात काय व्हायचं ते होईल.

तुमची,
ऐश्वर्या

*

हथखोज, भिलाई
७ डिसेंबर २०२४

ती. मामांस,

हे पत्र वहिनी वाचणार नाहीत. बाबाराव दादा स्वतः घेऊन येत आहेत आणि तेच वाचून दाखवतील. पुढे कोणी म्हणू नये की मधलं सोडलं.

दादा, इथून जोरात वाचा.

मामा, तुम्ही लिहिलंत की हॉर्नचं तुम्हाला कोणी वाचून दाखवलं नाही. मग गुडाखू म्हणजे काय, हे वहिनींनी तुम्हाला कुठून विचारलं? तो शब्द माझ्या पत्रात एकदाच होता, हॉर्नच्या आणि शिट्टीच्या शेजारी. तुम्ही हसलात. मोठ्या माणसाने चुकावं, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण सून घरात नवी, ती उलट बोलणार नाही. फकिरा दवाखान्यात, तो बोलू शकणार नाही. भाची धाकटी, ती बोलणार नाही. असा हिशेब करून तुम्ही ओझं खाली-खाली सरकवत नेलंत. ते नेमकं त्यांच्या डोक्यावर जाऊन थांबलं ज्यांच्यासमोर तुम्हाला मान वर करून बोलता येतं. मला याची लाज वाटते आहे. तुम्हाला वाटत नसेल तर माझ्याकडची थोडी घ्या.

आज सकाळी मी हायड्रा थांबवली. नवा खलाशी गाडीमागे उभा होता, पोरसवदा, कवर्ध्याकडचा. मी गाडीच्या पुढे जाऊन हात वर केला. दादांनी गाडी बंद केली, खाली उतरले आणि चावी माझ्या हातात ठेवली. साहेब बोलले, पुष्कळ बोलले. "पोरीबाळींच्या हातात मशीन दिल्या की असंच होते" असंही बोलले. चावी माझ्याजवळच आहे. हॉर्न जोडल्याशिवाय आणि खलाशाला उभं राहायची धड जागा आखल्याशिवाय ती मिळणार नाही.

चौकशीची बैठक पुढच्या शनिवारी आहे. मी तिथे सांगणार की वायर कापली होती, मला माहीत होतं, धनंजय साहेबांना माहीत होतं आणि मालकांना माहीत होतं.

उन्नती

*

तुमसर
९ डिसेंबर

उन्नतीबाईले,
बाबारावचा नमस्कार.

मालकानं सांगितलं तसं पहिले लिहितो, मंग माझं.

मालक म्हणतात: "माझ्या बहिणीची पोट्टी मले शहाणपण शिकवते. तुले गाडी थांबवाचा हक्क पहिल्या दिवसापासून होता ना? मंग मले कावून विचारत बसली? आज थांबवली ती तवा का नाही थांबवली? चौकशीत हे पण सांगजो. उद्या तुझं लग्न होईल, तवा मागे उभा राहाले मामा लागते. तो नाही येणार."

एवढं मालकाचं. आता माझं.

तुझं पत्र मी पूर्ण वाचलं. मालक पलंगावर बसून होते. गुडाखूचं वाचलं तवा मामीनं स्वयंपाकघरातून डोकं काढलं आणि मालकाकडे पाहत राहिल्या. सूनबाई दारात उभ्या होत्या. मंग मालक मले म्हणे, "बाबाराव, तूच सांग. वायर तू आपल्या मनानं कापली, मले विचारलं नाही, असं सांगून टाक. प्रश्न मिटते."

मी म्हणलो, "कापली मीच, ते सांगतोच. पण तुमाले विचारलं नाही हे कसं सांगू? मी विचारलं होतं. तुमी म्हणले होते, काप, त्या हॉर्ननं गाडीवाल्याचं डोकं उठते."

बाई, तू धरून बसली होती की मालकाले तुझ्या पत्रानं कळलं. त्यायले त्याच्या आधीच माहीत होतं. मी बी तुले सांगितलं नाही. इतके वर्ष त्यायचं मीठ खाल्लं, जीभ जड होते.

फकिराच्या तोंडात गुडाखू होता, बरोबर आहे. पण गाडी माझ्या हातात होती. शनिवारी मी येतो. मालकानं गाडी काढून घेतली तं घेतली.

बाबाराव

*

वैशाली नगर, भिलाई
२२ डिसेंबर २०२४

ती. मामांस,

बैठक झाली. तुम्ही आला नाहीत, म्हणून कळवते.

धनंजय साहेबांनी आधीच ठरवून आणलं होतं. टेबलावर समोसे ठेवले होते आणि "खलाशीकी गलती" हे शब्द सगळ्यांना पाठ होते. मी उठले तेव्हा माझा आवाज इतका बारीक निघाला की कंपनीचे मोठे साहेब म्हणाले, "बेटा, जोर से." मग मी जोरात बोलले. हॉर्न सांगितला, फकिराची जागा सांगितली, टिपरचा आवाज सांगितला. तुमचं नाव सांगितलं. आणि तुम्ही म्हणालात तसं, मला पहिल्या दिवसापासून अधिकार होता आणि मी तो वापरला नाही, हेही सांगितलं. तुम्ही ते मला गप्प करायला लिहिलं होतं. पण ते खरं आहे. खऱ्या गोष्टीला मी गप्प बसायचं कारण करणार नाही. मी नात्याची परवानगी मागत बसले, आणि तेवढ्यात एका माणसाचं पाऊल गेलं. हे मला जन्मभर माहीत असणार आहे. तुम्हालाही असावं, एवढीच माझी मागणी होती.

धनंजय साहेब म्हणाले, "पण मालकाला माहीत होतं याला आधार काय? भाचीचा मामावर राग असेल." तेव्हा बाबाराव दादा दारातून आत आले. टोपी हातात होती. त्यांनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. वायर कोणी कापली, कोणाला विचारून कापली. "त्याले नशेचा म्हणू नका साहेब," ते म्हणाले, "तो माझ्या भरोशावर पाठमोरा उभा होता." ऐश्वर्या वहिनींचाही फोन मोठ्या साहेबांना गेला होता, तो मी करायला सांगितला नव्हता. वहिनींना घरात काही बोलाल तर लक्षात ठेवा, त्यांची नणंद भिलाईत आहे.

फकिराची चूक नाही असं ठरलं. दवाखाना कंपनी बघणार, आणि बरा झाल्यावर त्याला स्टोअरमध्ये बसून करायचं काम. मथुराने ऐकलं आणि विचारलं, "आन् पाय?"

बाबाराव दादांना तुम्ही गाडीवरून काढलंत हे कळलं. त्यांनी ते हसत सांगितलं, आणि त्या हसण्यामुळे मला अधिक चीड आली. खरं बोलायची शिक्षा इतक्या झटपट देता येते; हॉर्न जोडायला मात्र तुम्हाला वेळ नव्हता. दादा आता टिपरच्या खलाशांना उभं कुठे राहायचं ते शिकवतात. मोठ्या साहेबांनी ठेवून घेतलं.

हॉर्न जोडला, खलाशाची जागा आखली, तेव्हाच मी चावी परत दिली. मग मला हथखोजहून काढून जामुलच्या कामावर टाकलं. शिक्षा म्हणून की काय, कोणी सांगत नाही. धनंजय साहेब निरोप देताना म्हणाले, "वहाँ तुम्हारे मामा नहीं हैं, आराम से रहना."

लग्नाचं लग्नाच्या वेळी पाहू. मागे उभा राहणारा माणूस भरवशाचा असावा, हे मी आता शिकले आहे.

काल जामुलला माझा पहिला दिवस होता. फाटकातून आत शिरले तर समोर एक पोकलेन माती उपसत होती, आणि तिच्या फिरणाऱ्या पाठीमागे दोन बाया सावलीला बसून डबा खात होत्या. ऑपरेटर पिकल्या मिशांचे, आपल्याकडचेच, वर्धेच्या बाजूचे. मशीन कोणाची, मालक कोण, हे कोणाचे कोण लागतात, मी काही विचारलं नाही.

आधी मशीन थांबवली. मग नमस्कार केला.

उन्नती